जुन्या देशाची चाल

पोतित्साची कणीक लाटायची नसते, ताणायची असते. मोठ्या टेबलावर धुतलेली चादर अंथरायची, मधोमध कणकेचा गोळा ठेवायचा आणि टेबलाभोवती फिरत, मुठींच्या पाठीवर घेत ती इतकी ताणायची की खालच्या चादरीवरची फुलं दिसली पाहिजेत. मग अक्रोड, मध, साय, गुंडाळी आणि भट्टी; आमच्या लग्नांत हा गोड पाव लागतोच. मित्सी ग्रेगोरिच जन्मभर हे करत आली होती आणि आता तिला त्याचा अगदी वीट आला होता. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाय भरून यायचे, शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात गळ्यातली पेटी वाजवून खांदे भरून यायचे, आणि उरलेल्या वेळात ही कणीक. पण लग्न भाचीचं होतं. रोझाली, तिच्या भावाची मुलगी. तिच्यासाठी कंटाळून कसं चालेल?

खिडकीवरचा रेडिओ चालू होता, तो हवामानासाठी. आमच्या व्हर्नॉनमध्ये, जुना देश सोडून आलेल्या खाणकामगारांच्या या गावात, वारा खाणीकडून सुटला की दोरीवरचे कपडे लोखंडाच्या धुळीनं तांबडे होतात, म्हणून बायका रेडिओला कान लावून असतात. हवामान संपलं आणि पोराटोरांची गाणी लागली. मित्सीचे हात कणकेत, बंद कोण करणार? आधी गिटार खरखरली, मग ढोल, आणि मग एका भसाड्या ऑर्गनवर तीन स्वर चढत गेले, क्षणभर थांबले आणि घसरत खाली आले.

मित्सीच्या मुठी जागच्या जागी थांबल्या. कणकेला भोक पडलं. पोतित्साला भोक पाडण्याइतकी ती कधी भांबावली होती ते तिला आठवेना.

ती तिची चाल होती. चौपट वेगानं धावणारी, तोंडाला फेस आलेली, पण तिचीच. आणि वरून जो मुलगा केकाटत होता तो लुडी होता, रोझालीचा धाकटा भाऊ. आत्याला भाच्याचा आवाज कळायला काय लागतं? बारशाला रडला तेव्हापासूनचा ओळखीचा. गाणं संपलं आणि निवेदक म्हणाला, "मिनियापोलिसचे आपले टॉपकोट्स! गाणं होतं 'टेललाइट'."

"टॉपकोट्स?" मित्सी रेडिओलाच म्हणाली. "हे कोण मेले?"

थोड्या वेळानं बाहेर ब्रेक किंचाळले. लुडीची गाडी म्हणजे एक जुनी शववाहिका. ड्रम, गिटारी, सगळा पसारा एका दमात आत जातो म्हणून बँडवाल्या चार पोरांनी ती घेतली होती. कोपऱ्यावर राहणारी नेझाआजी, ऐंशी केव्हाच ओलांडलेली, ती गाडी दिसली की छातीवर क्रूस काढायची आणि ओरडायची, "अजून नाही रे! पुढं जा!"

लुडी धाडकन दार उघडून आत आला. "आत्या! ऐकलंस?"

"ऐकलं."

"मीच आहे ना तो? तू सांग, मीच ना?"

"तूच. एवढं रेकणारा दुसरा कुठून आणणार?"

"मग टॉपकोट्स कसे काय म्हणे!" तो मटकन खुर्चीत बसला. वीस वर्षांचा घोडा, पण डोळे भरले होते. "हिवाळ्यात आम्ही गेलो होतो ना मिनियापोलिसला, त्या कॅलडनच्या स्टुडिओत? तो म्हणाला, पोरांनो, कच्चं आहे, टेप राहू दे माझ्याकडे, उन्हाळ्यात या. उन्हाळा आला, तर माझा आवाज रेडिओवर आणि नाव त्या चिकण्यांचं! टीव्हीवर पाहिलं मी त्यांना. एकसारखी जाकिटं घालून नुसते ओठ हलवतात. माझ्या आवाजावर ओठ हलवतात, आत्या!"

मित्सीनं कणकेचं भोक चिमटीनं बुजवलं. ते नीट बुजेना.

"आणि चाल?" तिनं विचारलं.

"चालीचं काय?"

"चाल कुठून आणलीस?"

"अगं, तुझीच की! म्हणजे आपली. मुकुट उतरवतानाची. जरा पळती घेतली, एवढंच." लुडीनं नाक पुसलं. "ती काय, जुन्या देशातली. कुणाचीच नाही. ते जाऊ दे, पण आवाज तर माझा आहे ना?"

मित्सीला बोलायचं होतं ते इतक्या वर्षांचं होतं की कुठून सुरुवात करावी हेच तिला कळेना.

आमच्याकडे लग्नाचा नाच संपत आला, की म्हातारी माणसं घरी जाण्याआधी नवरीला मधोमध खुर्चीवर बसवतात. वस्तीतली सगळ्यात जुनी बाई तिच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट उतरवते आणि बायकांसारखा रुमाल बांधते. मुलगी संपली, बायको झाली. त्या वेळी फक्त बटणांची पेटी वाजते, बाकी सगळं बंद. ही पेटी छातीशी धरून, भाता ओढून वाजवायची, आणि आमच्यात ती पुरुषांनीच वाजवायची. मित्सीचे वडील वाजवायचे. खाणीत मालगाडीच्या दोन डब्यांच्या मध्ये त्यांची बोटं चिरडली तेव्हा दुसरं कुणी नव्हतं म्हणून पेटी मित्सीच्या गळ्यात आली. तेव्हा ती रोझालीएवढी होती. "बाई पेटी वाजवते, मग आम्ही काय कणीक ताणायची?" असं पुरुष तिच्या तोंडावर म्हणायचे.

पहिल्याच लग्नात मुकुटाची वेळ आली आणि वडिलांची चाल तिच्या बोटांतून पार उडाली. घाबरून तिनं दुसरीच वाजवली. ती तिनंच केली होती, बोर्डिंग हाऊसमध्ये खाणकामगारांची भांडी घासता घासता. आपल्याला कुणी मागणी घालणार नाही हे तिला तेव्हाच कळून चुकलं होतं. दुसऱ्या पोरींच्या डोक्यावरचे मुकुट बघून पोटात जे तुटायचं, ते तिनं त्या चालीत घातलं होतं. वाजवून झालं तसं एका बाईनं विचारलं, "कुठली गं ही?" 'माझी' म्हणाली असती, तर पेटी त्याच दिवशी काढून घेतली असती. ती पटकन म्हणून गेली, "आईच्या गावची. जुन्या देशातली."

तेव्हा नेझाआजी आजी नव्हती, चांगली धडधाकट होती, आणि आईच्याच गावची होती. आता ही आपलं पितळ उघडं पाडणार म्हणून मित्सी पेटीचा पट्टा सोडवायला लागली. तर नेझानं हंबरडाच फोडला! "हो गं हो, आमच्याच गावची! माझी आई म्हणायची, गवत कापताना!" मग दुसरीला आठवली. तिसरीला तर शब्दही आठवले. मित्सी चाटच पडली. आमच्या लोकांचं हे असंच आहे, जे जे चांगलं ते जुन्या देशातून आलेलं, इथं व्हर्नॉनच्या धुळीत काही चांगलं उगवतच नाही. तेव्हापासून प्रत्येक लग्नात तीच चाल. सगळ्या वस्तीची झाली, फक्त मित्सीची राहिली नाही.

आता खांदा पार गेला होता. रोझालीचं लग्न वाजवायचं आणि पेटी कायमची खोक्यात ठेवायची हे मित्सीनं ठरवलं होतं. आणि आणखी एक ठरवलं होतं, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. रोझालीचा मुकुट उतरला, की तिच्या कानाशी वाकून म्हणायचं, पोरी, ही चाल माझी, मी केलेली. एवढंच. जन्मात एकदा, एका माणसाला. यात फार मागितलं का?

लुडीचा बाप योझे, म्हणजे मित्सीचा भाऊ, पोराला म्हणाला, "सोड तो नाद. खाणीत ये. तिथं बिल्ल्यावर तुझं नाव कोरलेलं असतं, कुणी चोरत नाही." पण लुडी हट्टाला पेटला. त्याच्या ड्रमवाल्याला लष्कराचं बोलावणं आलं होतं, दुसरा लग्न करून डुलुथला गेला होता. त्यांचा ड्रिलर्स नावाचा बँड होता याला आता ती एक टेपच काय तो पुरावा.

"आत्या, तू चल माझ्याबरोबर त्या कॅलडनकडे. माझा आवाज तू लहानपणापासून ऐकलायस. मोठं माणूस असलं की तो नीट बोलेल."

"मला त्या गाडीत बसवून नेणार? जिवंतपणी?"

"मागं आडवी नको होऊस, पुढं बस."

ती गेली. लुडीला वाटलं त्याच्यासाठी. निम्मं खरं होतं.

कॅलडनचा स्टुडिओ गालिच्यांच्या दुकानामागं होता. मित्सीनं मनात एक लबाड, गुळगुळीत माणूस रंगवला होता, तर समोर आला एक थकलेला टकला, शर्टावर मोहरीचा डाग, डोळ्यांखाली पिशव्या. त्यानं मित्सीला स्वतःची खुर्ची दिली, कॉफी दिली. भांडायला आलेल्या माणसाची त्यानं मोठीच पंचाईत केली.

"आवाज तुझाच आहे," तो लुडीला म्हणाला. "मी कुठं नाही म्हणतो? टॉपकोट्सच्या पोराला सर्दी झालेल्या बोकडासारखा आवाज आहे. पण त्यांच्याकडे जाकिटं आहेत, दात आहेत, गावोगावचे नाच ठरलेत. तुमच्याकडे काय होतं? एक शववाहिका. आणि तुम्ही बँड मोडलात. मग टेपचं लोणचं घालू?"

"पण नाव..."

"रेडिओवरची निम्मी गाणी वाजवलीत एकानं आणि छापलीत दुसऱ्याच्या नावावर, बाळ. पोरं नाचतात, नाव कोण वाचतं?"

लुडीनं टेबलावरची तबकडी उचलली आणि मधल्या कागदावर बोट ठेवलं. "आणि हे? संगीत, एच. कॅलडन! हे तुम्ही कधी केलंत?"

कॅलडन जरा वरमला. "काहीतरी लिहावं लागतं. बरं, तू सांग. नवी छपाई करायचीय. ज्यानं केली त्याचं नाव घालतो, दिला शब्द. तू केलीस?"

लुडी खरा पोरगा. तबकडी खाली ठेवून म्हणाला, "नाही. शब्द माझे. चाल आमच्या लोकांची आहे. जुनी."

"म्हणजे कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"कुणाचीच नाही, ती छापणाऱ्याची. हे मी ठरवलेलं नाही, धंद्यात असंच चालतं."

मित्सीनं कॉफीचा कप खाली ठेवला. रोझालीच्या कानात सांगायचं होतं ते इथं, या परक्या माणसाच्या ऑफिसात सांगावं लागणार होतं. पण सांगायलाच हवं होतं.

"माझी आहे," ती म्हणाली. "चाल मी केलीय."

कॅलडननं तिच्याकडे पाहिलं. लुडीनंही पाहिलं. आणि लुडीचा चेहरा असा विरघळला, असा मायेनं भरून आला, की मित्सीला पुढचं सगळं कळलं.

"आत्या, नको गं," तो हळूच म्हणाला आणि तिचा हात धरला. "माझ्यासाठी खोटं नको बोलूस."

"खोटं नाही. बोर्डिंग हाऊसमध्ये केली मी, भांडी घासताना."

"ऐकलंत?" लुडी डोळे पुसत कॅलडनला म्हणाला. "माझ्यासाठी काय वाटेल ते करेल ही. पण ते नको. आमच्याकडे नेझाआजी आहे, तिच्या आईनं गायलेली आहे ती चाल. मला लबाडीनं काही नको."

"बाई," कॅलडन अगदी आदरानं म्हणाला, "माझ्या आत्यानंही माझ्यासाठी हेच केलं असतं."

कप उचलून डोक्यात घालावा असं मित्सीला वाटलं. कॅलडनच्या नव्हे, लुडीच्या! त्या टकल्यानं नाव विचारलं तरी होतं. जन्मात एकदा तोंड उघडलं, तर घरच्याच पोरानं प्रेमानं ते दाबलं. पुन्हा सांगायचं, शपथ घ्यायची, भांडायचं, एवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. कॅलडननं निघताना तिला एक तबकडी भेट दिली. तिनं ती घेतली, आभारही मानले.

परतताना लुडी अर्धा रस्ता तिची स्तुती करत होता. "तुझ्यासारखी आत्या कुणाला नसेल." मित्सी खिडकीबाहेर बघत होती आणि तिची बोटं मांडीवर काहीतरी बडवत होती. तो राग होता, दुसरं काही नव्हतं. पण बोटांना वाईट सवय असते. राग असो नाहीतर रडू, ती त्याचे स्वर करतात.

पुढच्याच आठवड्यात रोझाली आली. दारातच घुटमळत राहिली, तेव्हाच मित्सीनं ओळखलं.

"आत्या, रागावणार नाहीस ना?"

"बोल तर आधी."

"ती मुकुटाची चाल... ती नको वाजवूस ना. माझ्या होणाऱ्या नणंदा आहेत, आर्वोचे मित्र आहेत, सगळे ते 'टेललाइट' दिवसभर ऐकतात. तू सुरू केलंस की ओरडायला लागतील. मी मुकुट उतरवून बसलेली आणि लोक नाचतायत, कसं दिसेल ते? म्हणतील, आत्यानं टॉपकोट्सचं गाणं उचललं."

"बरं," मित्सी म्हणाली.

"रागावलीस?"

"नाही गं. तुझं लग्न आहे. दुसरं काहीतरी वाजवेन."

रोझालीनं तिच्या गालाचा मुका घेतला आणि हलक्या पावलांनी पळाली. मित्सी टेबलाशी बसून राहिली. आता कानात सांगायचं तरी काय? रेडिओवर लागतं ना पोरी, ते गाणं माझं आहे? म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणतील. इतकी वर्षं दुसऱ्यांना दिलेली चाल आता खरोखरच गेली होती, आणि जाताना तिच्याच माणसांच्या हातून गेली होती. ती थोडा वेळ रडली. मग उठून तिनं कणीक भिजवली, कारण पोतित्सा अजून अर्ध्याही झाल्या नव्हत्या.

त्या दिवसांत लुडी तिच्याकडेच पडून असायचा. घरी बाप खाणीचं नाव काढायचा, म्हणून इथं येऊन अक्रोड दळायचा आणि उसासे टाकायचा. मित्सी टेबलाभोवती फिरत कणीक ताणायची, मध्येच हात पुसून पेटी घ्यायची, दोन ओळी वाजवायची, तोंड वाकडं करायची, पुन्हा कणकेकडे. गाडीतला तो राग आता मऊ झाला होता. त्यात रोझाली आली होती, हलक्या पावलांनी पळणारी.

"काल हे असं नव्हतं," लुडी दळता दळता म्हणाला.

"काल चुकलं होतं."

"आज पण चुकतंय. शेवटी वर कशाला जातेस? खाली ये ना. एकच पायरी."

मित्सीनं वाजवून पाहिलं. पोरगा बरोबर होता. शेवटचा स्वर एक पायरी खाली आला आणि सगळी चाल नीट बसली, जशी दमलेली बाई एकदाची खुर्चीत बसावी. तो स्वर तिनं ठेवला. लुडी आपल्याच दुःखात होता. काय वाजतंय, कशासाठी वाजतंय, हे त्यानं विचारलंही नाही.

लग्न झालं. हॉलमध्ये कोबीच्या पानांत खिमा भरलेले सारमे, सॉसेज, मित्सीच्या पोतित्सांचे ढीग, बियरचं पिंप. नवरा आर्वो फिन्निश, त्याच्या घरचे सगळे एका भिंतीला ओळीनं बसले होते, चर्चमध्ये बसल्यासारखे. योझेनं त्यांना इतकी पाजली की शेवटी त्यांचाही एक काका पोल्का नाचला. मित्सी वाजवत राहिली. पट्टा खांद्यात रुतत होता. शेवटचंच तर आहे, असं ती खांद्याला सांगत होती.

मग मधोमध खुर्ची आली. बाकी वाद्यं थांबली. रोझाली बसली, आणि नेझाआजीला दोघींनी धरून तिच्यामागं उभं केलं, हातात रुमाल. आर्वोच्या बहिणी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, आता 'टेललाइट' येणार म्हणून. मित्सीनं भाता ओढला आणि नवी चाल सुरू केली.

बहिणींची कोपरं थांबली. नेझाआजीची थरथरती बोटं मुकुटातल्या पिना एकेक करून काढत होती, रोझालीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि चाल शेवटाला आली, वर न जाता एक पायरी खाली उतरली. नेझाआजीनं रुमालाची गाठ मारली.

"अगं बाई!" ती एकदम म्हणाली. "ही तर आमच्या गावची!"

"हो ना?" दुसरी म्हातारी म्हणाली. "मला वाटलंच."

"माझी आई म्हणायची!" नेझाआजी आता उघड रडत होती. "गवत कापताना! किती वर्षांनी ऐकली गं. मित्सी, ही इतके दिवस कुठं लपवून ठेवली होतीस?"

मित्सीनं पेटी मांडीवर टेकवली. घाबरावं असं आता काही उरलं नव्हतं. पेटी काढून घेतली तर बरंच झालं असतं.

"आजी, ही मी केलीय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "याच आठवड्यात. पोतित्सा करताना."

हॉलमध्ये हास्याची लाट उठली. वाईट नव्हतं ते हसणं, उलट मायेचं होतं. "दमलीय बिचारी!" "हिला बियर द्या रे कुणीतरी!"

"तू केलीस?" नेझाआजी फणकाऱ्यानं म्हणाली. "मग मला कशी येते?" आणि कापऱ्या आवाजात तिनं चालीचा शेवट गुणगुणून दाखवला, तीन स्वर, आणि शेवटचा नेमका एक पायरी खाली. "आईनं शिकवलेली आहे मला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोझालीनं रुमाल सावरत मित्सीला मिठी मारली. "आत्या, किती गोड आहे ही. जुन्यातली निवडून काढलीस ना माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच," मित्सी म्हणाली. पुढचं गिळलं.

मान वर केली तेव्हा तिला लुडी दिसला. पिंपाशी, हातात ग्लास. हसत नव्हता. नेझाआजीकडे बघत होता, मग पेटीकडे, मग मित्सीकडे. ग्लास तिरका होऊन बियर बुटावर सांडत होती, त्याचं त्याला भान नव्हतं. नाच पुन्हा सुरू झाला तसा तो वाट काढत आला आणि तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला.

"तो शेवटचा स्वर," तो म्हणाला, "मी सांगितला होता."

"हो."

"स्वयंपाकघरात. अक्रोड दळताना."

"हो."

"मग तिची आई कशी..." त्यानं ग्लास जमिनीवर ठेवला. "आत्या, म्हणजे ती पण? ती पहिली?"

"ती पण."

"आणि मी त्या माणसासमोर तुला म्हटलं... तो नाव घालायला तयार होता, आणि मीच..."

ते वाक्य पुरं करायला मित्सीनं त्याला मदत केली नाही. करावीशी वाटली नाही. त्याला सांगता आलं असतं की जाऊ दे रे बाळा, पण तिला राग होता आणि तो असू द्यावा असं वाटलं. लुडीही वाजवणारा; त्यानं निदान हा राग तरी ऐकून घ्यावा.

तेवढ्यात पोरांनी कोपऱ्यातल्या यंत्रावर तबकडी लावली. गिटार खरखरली, तीन स्वर चढले, थांबले, घसरले. तरुण पोरंपोरी किंचाळत मधोमध धावली. सगळा हॉल लुडीच्या आवाजावर आणि मित्सीच्या चालीवर उड्या मारायला लागला. नेझाआजीसुद्धा काठीनं ठेका धरत होती. ही चाल कुठली हे तिला ओळखू आलं नाही.

आर्वोची धाकटी बहीण घामाघूम होऊन त्यांच्यापाशी आली. "लुडी, चल ना नाचायला! तुझी बहीण सांगत होती तू गातोस म्हणे. अगदी टॉपकोट्ससारखा आवाज आहे म्हणे तुझा!"

लुडीनं एकदा तिच्याकडे पाहिलं. आवाजाबद्दल तो काही बोललाच नाही. "ही चाल माझ्या आत्यानं केलीय," तो म्हणाला.

"हो का?" ती खळखळून हसली. "आणि खाण माझ्या आजोबांनी खणलीय!" आणि गर्दीत पळाली.

ती दोघं बसून राहिली. गाणं संपलं, पोरांनी तेच पुन्हा लावलं.

"बरा लागलाय आवाज," मित्सी म्हणाली. "रेकतोस, पण बरा."

लुडी रडत होता. मित्सीनं खांद्यावरचा पट्टा सोडवला, पेटी खोक्यात घातली, कड्या लावल्या. आजवर तिनं ती कुणाला उचलू दिली नव्हती, सख्ख्या भावालाही नाही. आज ती बाजूला झाली. लुडीनं नाक पुसलं, वाकून मूठ धरली आणि खोकं वर घेतलं. त्याचा खांदा एकदम खाली गेला.

"केवढी जड आहे ही," तो म्हणाला.

"मग?" मित्सी म्हणाली, आणि कोट शोधायला लागली.